भुंडी

पार्बता टेकामनं फोनवर एवढंच सांगितलं:
"साहेब, पाठ गाभन नाई राहून राह्यली,
अन् भादव्यात तिले बोकडावानी वास येऊन राह्यला."

मोटरसायकल तुरीच्या धुऱ्यावर लावली.
मोहाखाली बांधली होती ती,
दोन वर्षांची, काळी, कानांवर पांढरे ठिपके,
कपाळ पाट्यासारखं सपाट,
शिंगाचा कोंबसुद्धा नाही.

ओठ वर दुमडून तिनं माझा हात हुंगला,
पुढचा पाय आपटला,
घशातून बोकडाची बडबड काढली.
कवडू हसला. कुंपणापलीकडची दोन पोट्टीही.
मी शेपूट उचलून पाहिलं.
थानं बोराएवढी.
आणि खाली, जिथं काही दिसायला नको तिथं,
वाटाण्याएवढं काहीतरी
अंग चोरून बसलेलं.

रक्त नागपूरला धाडलं, बर्फाच्या डब्यात, एसटीनं.
सतरा दिवसांनी कागद आला:
गुणसूत्रं साठ. एक्स एक्स.
वाय नाही, वायचा तुकडाही नाही.
म्हणजे मादीच. कागदापुरती.

रस्ताभर जुळवलेलं सगळं
मोहाच्या बुंध्याशी बसल्यावर विसरलो.
म्हटलं, पोटात पहिला महिनाभर
करडू नर नसतं, मादीही नसतं.
दोन्हींच्या नळ्या शेजारी शेजारी,
आणि जवळच एक गोळा, ओल्या मातीचा,
चूल व्हायचं की रांजण, ठरलेलं नाही.
वायवर एक हुकूम असतो.
जरासा बोलतो, गप्प होतो,
पण तेवढ्यात दुसऱ्याला जाग आलेली असते,
आणि तो मग थांबत नाही, वृषण घडवत जातो.

"अन् हुकूमच नसंन तं?"

तर आपोआप मादी, असं आम्हाला शिकवलं होतं.
चूक शिकवलं होतं, पार्बताबाई.
मादी आपोआप होत नाही.
तिचाही एक जागल्या असतो,
मचाणावर बसून डबा वाजवणारा.
तो झोपला की डुकरं वावरात.
(उपमा बरी नव्हती. पण ती मान हलवत होती.)
हिच्यात तो जागल्या उठलाच नाही.
त्याला उठवणारी कळ लांब कुठेतरी,
अक्षरांच्या पडीक पट्ट्यात,
आणि तिथली अकरा-बारा हजार अक्षरं गळालेली.
त्याच गळतीत शिंगंही गेली.
एका बाजूनं आली तर नुसती भुंडी,
मायबाप दोघांकडून आली तर अशी.

पार्बता मोहाची काटकी मोडत राहिली.
"भुंडा बोकड म्याच आनला, पांढरकवड्याच्या बाजारातून.
भुंड्या बकरीवरच सोडला.
पोराचा डोळा शिंगानं गेला होता नं."

कवडूचा पोरगा तिथंच होता,
एका डोळ्यानं गोट्यांचा नेम धरत.

पुढच्या खेपेला शिंगाचा बोकड लावा, म्हटलं.
ती हो म्हणाली, त्याच्याकडे न पाहता.
मग पाठीच्या कपाळावर हात ठेवून:
"मंग हे कोन हाय?"

सकाळपासून 'ती' होती. आत्ता 'हे' झाली.
मला उत्तर आलं नाही, व्याकरण आलं:
करडू, वासरू, पिल्लू, लेकरू,
आपली भाषा सगळ्यांना आधी तिथंच ठेवते,
त्या पहिल्या महिन्यात,
आणि मग आपण घाई करतो.

रजिस्टर काढलं. नर. मादी.
पेन मधल्या रेघेवर जरा टेकलं, शाई पसरली.
"खाटकाले नाई देत मी," ती म्हणाली,
मी विचारलंही नव्हतं.

घरी येऊन सदरा काढला.
छातीवर दोन गुंड्या,
कुठल्याच काजात न बसणाऱ्या,
माझं काही ठरण्याआधीच कुणी टाचून ठेवलेल्या.
हाताला बोकडाचा वास येत होता.
पाणी तापेपर्यंत
तसाच बसून राहिलो.